साडेमाडे तीन कुणी म्हणायचं?

मी घंटा वेळेवर वाजवली होती. निहार म्हणत होता, तू उशिरा वाजवलीस. माझ्या पडद्यावर दोन्ही घंटा एकदम वाजलेल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्याच्या पडद्यावर माझी घंटा मागून, जेवणाची पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखी वाजली होती, आणि तेही त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही दोघंही खरं बोलत होतो. भांडण जुंपायला एवढं पुरेसं होतं.

आधी ओळख करून देते. मी केतकी, वय अकरा, मुक्काम सोमवस्ती, चंद्र. माझी आई इथल्या खडकांचा अभ्यास करते, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही कराड सोडून इथे आलो. निहार माझा मामेभाऊ. तो कराडलाच राहतो. तो माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा आहे आणि या आठ महिन्यांचा त्याला इतका गर्व आहे की जणू ते त्यानं घाम गाळून कमावलेत. शर्यत असो, लपाछपी असो, 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणायचा मान त्याचाच. मोठ्यानं मोजायचं आणि धाकट्यानं पळायचं, ही आमच्या घरातली रीत आहे.

आम्ही दोघं मिळून 'धुक्यातला गड' नावाचा खेळ खेळतो. त्याच्याकडे कराडला एक कन्सोल (पडद्याला जोडून खेळायचा खास संगणक) आणि माझ्याकडे चंद्रावर एक. हातात कंट्रोलर (बटणांची मूठ) धरायचा आणि गड चढायचा. वाटेत एखादी अवघड कामगिरी फत्ते केली की खेळ आपल्याला अचीव्हमेंट देतो, म्हणजे एक बिल्ला. खेळणाऱ्या दोघांची मिळून एक जोडी असते आणि जोडीचा एक झेंडा असतो. आमच्या झेंड्यावर मंग्या आहे. मंग्या हा मामाकडचा बोका. त्याचं चित्र मी काढलं आणि रंग निहारनं भरले, म्हणून मंग्या निळा आहे.

आम्ही सगळे बिल्ले मिळवले होते. एकच राहिला होता, 'जोडघंटा'. गडाच्या दोन बुरुजांवर दोन घंटा आहेत. एका बुरुजावर मी, दुसऱ्यावर निहार. दोघांनी घंटा एकाच क्षणी वाजवायच्या. दोन घंटांमध्ये पाव सेकंदाहून जास्त अंतर पडलं, की घंटेतून वटवाघळांचा थवा बाहेर पडतो आणि आपल्याला पुन्हा पायथ्याशी नेऊन टाकतो. गेला आठवडाभर आम्ही फक्त वटवाघळं उडवत होतो.

शुक्रवारी निहार कंटाळला. त्याच्या शाळेत जोड्यांची स्पर्धा होती. ज्या जोडीकडे सगळे बिल्ले असतील तिलाच प्रवेश, आणि नाव द्यायची मुदत रविवारी संध्याकाळी संपणार होती.

"केतकी, रविवारपर्यंत जमलं तर जमलं," तो म्हणाला. "नाहीतर मी ओजसबरोबर जोडी करणार बघ. त्याचाही जोडघंटाच राहिलाय. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो तो. तुझ्यासारखा झोपा काढत नाही."

जोडी मोडली की बिल्ले ज्याचे त्याच्याकडे राहतात, पण झेंडा कायमचा पुसला जातो. म्हणजे निळा मंग्या गेला. आणि खरं सांगायचं तर नुसता मंग्याच नाही. एवढ्या लांब आल्यावर निहारचं आणि माझं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या गडावरच होतं. मी रडले. चंद्रावर सगळंच हळू खाली पडतं, अश्रूसुद्धा. त्यामुळे इथे रडणं लवकर आटपत नाही.

रडून झाल्यावर मी 'बिल्ले मिळवण्याचे सोपे उपाय' शोधले. उपाय भरपूर होते. बटणाखालची धूळ पुसा. कंट्रोलर चार्ज करून घ्या. अंगठ्याला विश्रांती द्या. जोडीदाराकडे नीट लक्ष द्या. मी सगळं केलं. तरी वटवाघळं आलीच. ते उपाय लिहिणारे सगळे एकाच ग्रहावर राहणारे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी सकाळी मी कन्सोल आणि कंट्रोलर घेऊन सबनीस आजोबांकडे गेले. ते माझे सख्खे आजोबा नाहीत, पण अख्खी वस्ती त्यांना आजोबाच म्हणते. पृथ्वीवरून येणारा आणि तिकडे जाणारा प्रत्येक संदेश ज्या मनोऱ्यातून जातो, तो मनोरा ते सांभाळतात. मोठे शास्त्रज्ञ आहेत. चंद्रावर का आलात, असं कुणी विचारलं तर मात्र सांगतात, "गुडघ्यांसाठी." इथे वजन एक षष्ठांश भरतं ना, त्यामुळे त्यांचे गुडघे खूश असतात. माणूस मोठा मिश्कील. सरळ उत्तर देईल तर शपथ!

मी गेले तेव्हा ते चहा ओतत होते. चहाची धार अगदी निवांत कपात उतरत होती.

"आजोबा, माझा कंट्रोलर बिघडलाय," मी म्हणाले. "घंटा वाजवायला उशीर होतोय."

"किती?"

"खूप."

"खूप हे माप नाही, पोरी. चुकलं असं नुसतं म्हणू नये. किती चुकलं ते सांगावं."

तेव्हा मला आठवलं की वटवाघळं उडताना पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी येतं. ते मी कधी वाचलंच नव्हतं. समोर वटवाघळं असताना बारीक अक्षरं कोण वाचतं? मी आदल्या दिवशीचे खेळ पुन्हा लावून पाहिले. 'दोन घंटांमधलं अंतर : २.६ सेकंद.' पुढचा खेळ, २.६. त्याच्या पुढचा, २.७. मग पुन्हा २.६.

आजोबा एकदम ताठ बसले. "वा! मग कंट्रोलर ठणठणीत आहे आणि तूही झोपा काढत नाहीस."

"ते कशावरून?"

"अगं, वेंधळेपणानं होणारी चूक रोज वेगळी असते. आज एवढी, उद्या तेवढी. पण तुझी चूक दर वेळी त्याच मापाची आहे. तिला आम्ही पद्धतशीर चूक (एकाच कारणामुळे पुन्हा पुन्हा तेवढीच होणारी चूक) म्हणतो. अशी चूक भेटली की शास्त्रज्ञांना पेढे वाटावेसे वाटतात. कारण एकच असतं ना! ते सापडलं की काम झालं. तुम्ही घंटा वाजवता कशा, ते सांग."

मी सांगितलं. निहार 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणतो. 'तीन'ला तो त्याची घंटा वाजवतो आणि मला 'तीन' ऐकू आलं की त्याच क्षणी मी माझी वाजवते.

"आता एकच गोष्ट बदल," आजोबा म्हणाले. "एका वेळी एकच हं, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. मोजणं बंद करा. घड्याळ लावा. इथलं आणि कराडचं घड्याळ तंतोतंत एक आहे, ते मी रोज जुळवतो. ठरलेल्या सेकंदाला दोघांनी आपापली घंटा वाजवा."

निहारला मी कसंबसं तयार केलं. ठरलेला सेकंद आला आणि मी घंटा वाजवली. माझ्या पडद्यावर निहारची घंटा माझ्यानंतर वाजली!

"आता तू उशीर केलास!" मी ओरडले.

थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "मी? तुझीच मागून वाजली की! बघ नीट!"

पुन्हा तेच. दोघंही खरं बोलत होतो. वटवाघळं आली, पण या वेळी मी आधी बारीक अक्षरं वाचली. '१.३ सेकंद.'

"निम्मं झालं!" मी म्हणाले. "आजोबा, बरोबर निम्मं! पण का?"

आजोबांनी चहा संपवला आणि मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

"मी लहानपणी कराडला वसतिगृहात होतो. गाव पाटणच्याही वर, डोंगरात. आई सकाळच्या एसटीनं माझा जेवणाचा डबा पाठवायची. एक दिवस कंडक्टर म्हणाला, 'आईनं सांगितलंय, कालचा रिकामा डबा लगेच धाडून दे.' मी तिथल्या तिथे डबा त्याच्या हातात दिला. संध्याकाळी गाडी गावात पोचली, तर आई चिडलेली. म्हणे, सकाळी सांगितलं आणि आत्ता पाठवला! आता सांग, मी उशीर केला का?"

"नाही. तुम्ही लगेच दिलात."

"मग आई खोटं बोलत होती?"

"नाही. तिला उशिराच मिळाला. एसटीनं वेळ घेतला. तिचा निरोप यायला एक खेप आणि डबा परत जायला दुसरी." बोलता बोलता मी थांबले. "आजोबा! निहारचं 'तीन' माझ्यापर्यंत यायला एक खेप आणि माझी घंटा तिकडे जायला दुसरी खेप?"

"इथली एसटी भलतीच वेगवान आहे," आजोबा म्हणाले. "आपला आवाज, चित्रं, बटणांचे इशारे, सगळं रेडिओलहरींवर बसून जातं. रेडिओलहरी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशच. सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर पळतो. विश्वात यापेक्षा जोरात काहीच पळत नाही. पण पृथ्वी आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरहून लांब आहे. मग एका खेपेला किती वेळ?"

मी भागाकार केला. एक पूर्णांक तीन दशांश सेकंदाच्या आसपास. दोन खेपांचा दोन पूर्णांक सहा. आकडे असे चपखल बसले की अंगावर काटा आला.

तुम्ही म्हणाल, चंद्रावर राहणाऱ्या मुलीला एवढंही माहीत नव्हतं? माहीत होतं की! पृथ्वीवरच्या माणसाशी बोलताना उत्तर यायला वेळ लागतो, हे इथे लहान बाळालाही कळतं. पण मला वाटायचं, उशीर बोलण्याला होतो. बटण तर माझ्या अंगठ्याखाली आहे, ते लगेचच दाबलं जातं. दाबलं जातं लगेच, पण कराडला पोचतं उशिरा, हे डोक्यात शिरलंच नव्हतं. या उशिराला संदेशविलंब (निघालेला संदेश पोचेपर्यंत जाणारा वेळ) म्हणतात.

"पण माझ्या पडद्यावर पहिल्यांदा दोन्ही घंटा एकदम वाजल्या होत्या," मी म्हणाले. "मग खेळानं माझं का नाही ऐकलं?"

"कारण खेळाचा पंच कराडला बसलाय. खेळ निहारच्या कन्सोलवर सुरू होतो, तो यजमान कन्सोल (ज्याच्यावर हार-जीत ठरते तो). तुझी घंटा त्याच्यापर्यंत कधी पोचली, एवढंच तो बघतो. घड्याळ लावल्यावर निहारचा निरोप यायची खेप वाचली. राहिली फक्त तुझ्या घंटेची खेप."

"ती कशी वाचवायची?"

"ती नाही वाचत. प्रकाशाला ढकलून तो जोरात पळत नाही."

मला पुन्हा रडू यायला लागलं. मग मी म्हणाले की मी सव्वा सेकंद आधी घंटा वाजवते. आजोबांनी करून बघ म्हटलं. मी करून बघितलं. अंदाजानं सव्वा सेकंद धरायला जावं तर कधी पाऊण होतो, कधी दोन होतात. आता माझी चूक दर वेळी वेगळी होती, म्हणजे अस्सल वेंधळेपणाची. संध्याकाळपर्यंत वटवाघळांनी माझा पिच्छा पुरवला आणि निहार "मला जेवायला बोलावलंय" म्हणून निघून गेला.

मी कंट्रोलर मांडीवर घेऊन खिडकीत बसले. आमच्या खिडकीतून पृथ्वी कायम एकाच जागी दिसते, ती उगवत नाही की मावळत नाही. मला सारखी ती एसटी आठवत होती. खेप टाळता येत नाही. निरोप घेऊन येते, डबा घेऊन जाते. मग मला वाटलं, आईच्या निरोपाची वाट न बघता आजोबांनीच रिकाम्या डब्याबरोबर निरोप पाठवला असता तर? 'डबा पाठवलाय' असा निरोप आणि डबा, दोन्ही एकाच गाडीत. गाडीला कितीही उशीर होऊ दे, दोन्ही पोचणार एकदमच!

मी धावत मनोऱ्याकडे गेले. चंद्रावर धावणं म्हणजे लांब लांब उड्या. शेवटची उडी जास्त झाली आणि मी थेट आजोबांच्या दारावर आपटले.

"आजोबा, मोजायचं मी!" मी म्हणाले. "निहारनं नाही! मी 'तीन' म्हणता म्हणता माझी घंटा वाजवायची. माझं 'तीन' आणि माझी घंटा एकाच खेपेनं निघतील आणि कराडला एकदमच पोचतील. निहारला 'तीन' ऐकू आलं की त्यानं त्याची वाजवायची. लांबच्यानं मोजायचं आणि पंचाजवळच्यानं ऐकायचं!"

आजोबांनी डब्यातून बेसनाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. सबनीस आजोबा लाडू कुणालाही देत नाहीत.

खरी अडचण पुढे होती. प्रकाशाचा वेग समजून घेणं सोपं, निहारला समजावणं अवघड.

रविवारी दुपारी मी त्याला बोलावलं तेव्हा ओजस त्याच्या शेजारी येऊन बसलेलाच होता. स्वतःचा कंट्रोलर घेऊन. मी खेपांचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "म्हणून या वेळी मी मोजणार."

उत्तर नेहमीसारखं थोड्या वेळानं आलं. "मोजायचं मोठ्यानं असतं, केतकी."

"आठ महिन्यांचा मोठा!"

"आठ तर आठ. मोठा तो मोठा. आणि तू मोजणार, म्हणजे तुला पाहिजे तेव्हा वाजवून मोकळी होणार आणि उशिराचा ठपका माझ्यावर!"

"निहार," मी म्हणाले, "मला मान नकोय. मला मंग्या हवाय. तू ओजसशी जोडी केलीस तर मी कुणाबरोबर गड चढू? इथे मला कुणी नाहीये."

यानंतरची शांतता फार लांबली. एवढा वेळ प्रकाशाला लागत नाही. तो वेळ निहारचा होता.

"बरं," तो म्हणाला. "एकदाच हं."

आम्ही बुरुजांवर चढलो. मी मोजायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. "एक... दोन... साडेमाडे... तीन!" म्हणता म्हणता घंटा वाजवली. मग वाट पाहिली. अंतर कळायलाही तिकडे एक खेप आणि इकडे एक खेप. आणि आली की वटवाघळं!

मी डोळे मिटून घेतले. पण निहारचाच आवाज आला. "अगं थांब, बारीक अक्षरं बघ! शून्य पूर्णांक आठ! पहिल्याच प्रयत्नाला एवढं कमी! आणि तुझं 'तीन' यायच्या आतच माझी वाजली!"

"तू माझं ऐकून वाजवलीस का?"

जरा वेळानं तो ओशाळून म्हणाला, "नाही. मी आपला मनातल्या मनात मोजत होतो. सवय आहे ना. तू लई सावकाश मोजतेस."

पाठीमागून ओजसचं हसणं ऐकू आलं. "तू गप बस रे," निहार त्याला म्हणाला. मग मला म्हणाला, "चल, परत. आता नाही मोजत मनात. तुझ्या मागनं येतो."

आम्ही पायथ्यापासून पुन्हा गड चढलो. धुकं, तटबंदी, बुरूज. या वेळी मी प्रत्येक आकडा सारख्या तालात म्हटला. तालाचा फायदा असा की, ऐकणाऱ्याला पुढचा आकडा कधी येणार याचा अंदाज येतो. 'तीन' ऐकून मग दचकून बटण दाबावं लागत नाही, अंगठा आपोआप 'तीन'वर पडतो. म्हणूनच सगळी मुलं नुसतं 'पळा' न म्हणता 'एक, दोन, साडेमाडे तीन' म्हणतात.

"एक... दोन... साडेमाडे... तीन!"

माझी घंटा वाजली. माझ्या पडद्यावर निहारचा बुरूज गप्प होता. निहारचं चित्र नुसतं उभं होतं. माझा आवाज आणि माझी घंटा दोघं मिळून अंधारातून कराडकडे निघाले होते. मी श्वास रोखून धरला. मग माझ्या पडद्यावर, चांगली उशिरा, निहारची घंटा वाजली, आणि तिच्या मागोमाग एकही वटवाघूळ आलं नाही. गडाचे दरवाजे उघडले. धुकं विरलं. मंग्याचा निळा झेंडा वर चढायला लागला.

त्याच वेळी माझ्या कानात कराडचा गोंधळ फुटला. निहार ओरडत होता, ओजससुद्धा ओरडत होता, काहीतरी धाडकन पडलं, मामी "अरे हळू!" म्हणत होती. मला इतका आनंद झाला की मी उडी मारली आणि छताला डोकं आपटलं. चंद्रावर ते फार सोपं आहे. डोकं चोळताना माझ्या लक्षात आलं की मी इकडे श्वास रोखून बसले होते, तेव्हा तिकडे निहार नाचायलाही लागला होता. बिल्ला आम्हाला आधीच मिळाला होता. ती बातमी तेवढी वाटेत होती.

निहारनं स्पर्धेत आमचं नाव दिलं. ओजसला जोडीदार म्हणून त्याची धाकटी बहीण मिळाली आणि ती त्याला मोजू देत नाही, असं कळलं.

रात्री जेवताना आईनं सांगितलं की तिचं इथलं काम संपलं की पुढची वस्ती मंगळावर होणार आहे, आणि कदाचित आपणही जाऊ. मी आधी सबनीस आजोबांना विचारलं. ते म्हणाले, मंगळ जवळ असतो तेव्हा एका खेपेला तीन-चार मिनिटं लागतात आणि लांब जातो तेव्हा वीसच्याही वर. "मात्र निरोप आणि डबा तेव्हाही एकाच गाडीनं पोचतात," असं म्हणून त्यांनी डोळे मिचकावले.

मग मी निहारला सांगितलं. मंगळावरून मी 'तीन' म्हटलं की तुला ते ऐकू येईपर्यंत वीस मिनिटं जातील. तोपर्यंत तू बुरुजावर काय करशील?

मी खिडकीतल्या पृथ्वीकडे बघत उत्तराची वाट पाहिली.

"जाऊन ये की," निहार म्हणाला. "मोजायचं तूच. मी थांबतो."